चहात साखर दोनच चमचे

वाचकाचं पत्र

मॅडम, मी लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. दहावीपर्यंत मराठी माध्यम, बारावी कॉमर्स, गणित घेऊन. सीयूईटी ही प्रवेश परीक्षा देऊन दिल्ली विद्यापीठात बी. ए. ऑनर्स इकॉनॉमिक्सला आलो. आता दुसऱ्या वर्षाला आहे. पहिलं वर्ष निभावलं, पण इंटरमीडिएट मायक्रो (सूक्ष्म अर्थशास्त्र) आलं आणि गाडी रुतली. सर फळ्यावर सोडवतात तेव्हा सगळं कळतं. रूमवर वाचतो तेव्हाही कळतं. वॅरियनच्या पुस्तकाचे पहिले आठ चॅप्टर दोनदा वाचलेत, रेघा मारून. पेपर हातात आला की डोकं बंद. परवाच्या टेस्टला ३० पैकी ९. आजूबाजूची मुलं दिल्लीच्या मोठ्या शाळांतली, फाडफाड इंग्रजी बोलतात, त्यांना सगळं आधीपासूनच येत असावं असं वाटतं. ज्या प्रश्नाला शून्य मिळालं तो माझ्या उत्तरासकट पाठवतोय. वडिलांची ७ एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि थोडी ज्वारी-तूर. घरी मार्क सांगितलेले नाहीत. सोडून लातूरला यावं, साधं बी. ए. करत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करावा, असं रोज मनात येतं. मी विषयच चुकीचा घेतला का?

— एक लातूरकर, मुक्काम दिल्ली

उत्तर

प्रिय लातूरकर,

तुझ्या पत्रापेक्षा तुझ्या शून्य मार्कांच्या उत्तराने मला जास्त सांगितलं, म्हणून आधी तिकडे वळते. वडील, इंग्रजी, परत येणं, हे मागून.

बाकीच्या वाचकांसाठी प्रश्न सांगते. एक माणूस कपभर चहात बरोबर दोन चमचे साखर घेतो. कमी असेल तर त्याला तो चहा चालत नाही, जास्तीची साखर त्याच्या काही कामाची नाही. चहा १० रुपये कप, साखर १ रुपया चमचा, खिशात ६० रुपये. तो किती कप पिईल? चहा १३ रुपये झाला तर किती? आणि या बदलात पर्यायता परिणाम (एक वस्तू महागली म्हणून दुसरीकडे वळणं) किती, उत्पन्न परिणाम (महागाईने खिसाच हलका झाल्यामुळे होणारी घट) किती?

तू पहिल्या ओळीत लिहिलंस की या माणसाची उपयोगिता (समाधानाचं माप) म्हणजे 'क्ष' आणि '२य' यांतलं जे लहान असेल ते. क्ष म्हणजे कप, य म्हणजे चमचे. दुसऱ्या ओळीत लॅग्रांज, म्हणजे ठरावीक पैशांत जास्तीत जास्त समाधान काढायची कॅल्क्युलसची रीत, मांडलास. तिसऱ्या ओळीत डेरिव्हेटिव्ह. मग पानभर बीजगणित, अक्षर मोत्यासारखं, आणि शेवटी चौकटीत उत्तर: ३ कप, ३० चमचे.

कपाला दहा चमचे! लातुरात ऊस होतो हे मला माहीत आहे, तरीही.

गंमत अशी की हिशेब चुकलेला नाही. ३० रुपये चहाचे, ३० साखरेचे, बेरीज ६०. हे उत्तर एका खऱ्या माणसाचं आहे, फक्त तो दुसरा माणूस आहे. ज्याची उपयोगिता 'क्ष गुणिले य' असते तो आपले पैसे दोन वस्तूंत निम्मे निम्मे वाटतो, आणि तो तुला आदल्या आठवड्यात शिकवलेला होता. पेपरात चहा पिणारा समोर आला आणि तू त्याला आदल्या आठवड्यातल्या माणसाचे कपडे घातलेस. चौकट आखण्याआधी 'दहा चमचे साखर कोण घेतं?' एवढं स्वतःला विचारलं असतंस तरी पेन थांबलं असतं.

आता पहिली ओळ. दोन चमचे म्हटलं की २ हा आकडा साखरेच्या बाजूला चिकटवावासा वाटतो. सगळ्यांनाच वाटतो, मलाही वाटायचा, आणि परीक्षक याच मोहावर टपून बसलेले असतात. पण आकडे घालून बघ. एक कप, दोन चमचे: हा माणूस खूश आहे. आता दोन कप, पण चमचे दोनच. दुसऱ्या कपाला साखर उरली नाही, म्हणजे तो त्याच्या लेखी वाया. समाधान पहिल्याइतकंच राहायला हवं. तुझं सूत्र पहिल्याला १ देतं आणि दुसऱ्याला २ देतं, म्हणजे तुझा माणूस बिनतक्रार कमी साखरेचा चहा पितोय. २ कपाच्या बाजूला घाल: '२क्ष' आणि 'य' यांतलं लहान. आता दोन्ही वेळा उत्तर २ येतं. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि तिच्यासाठी कुठलाही चॅप्टर वाचावा लागत नाही.

मग चित्र काढ. खरंच काढ, वहीत, पट्टी न घेता. या माणसाचे समवृत्ती वक्र, म्हणजे सारखंच समाधान देणाऱ्या खरेद्यांच्या रेषा, गुळगुळीत नाहीत, काटकोनात वळलेले आहेत. कोपऱ्यावर उतारच नाही, मग किंमत रेषा (सगळे पैसे खर्चून जे जे घेता येईल त्याची रेषा) त्याला स्पर्श करते असं म्हणून दोन उतार बरोबर धरायचे कुठून? तुझं लॅग्रांज तिथे चालत नाही, कारण डेरिव्हेटिव्ह घ्यायला काही नाहीच. हा माणूस कायम कोपऱ्यावर बसणार. चहा आणि साखर त्याच्यासाठी दोन वस्तू नाहीतच, ती एक जोडी आहे आणि जोडीची किंमत १० अधिक २, म्हणजे १२ रुपये. ६० ला १२ ने भागलं की ५ कप आणि १० चमचे. चहा १३ झाला की जोडी १५ ची, म्हणजे ४ कप. स्टेशनवरचा चहावाला पोरगा हे तोंडी सांगेल. तुलाही ते येत होतं, पण तुझ्या आणि उत्तराच्या मध्ये लॅग्रांज उभा राहिला.

पुढचा भाग तर तू कोराच सोडलास, आणि खरी मजा त्यात होती. हे दोन परिणाम वेगळे काढायला अर्थशास्त्रज्ञ स्लुट्स्की विचारतो: चहा महागल्यावरही जुनी खरेदी जेमतेम परवडेल इतके पैसे या माणसाच्या हातावर ठेवले तर तो काय करेल? जुनी खरेदी ५ कप, १० चमचे. नव्या भावाने ६५ अधिक १०, म्हणजे ७५ रुपये. ७५ भागिले १५: पुन्हा ५ कप. हलला नाहीच. पर्यायता परिणाम शून्य, कमी झालेला एक कप सगळा उत्पन्न परिणामाचा. आणि ते तसंच असणार, कारण चहा महागला म्हणून साखर जास्त खाईन असं म्हणणारा हा माणूसच नाही.

आता त्या निम्मे-निम्मेवाल्याला बोलाव. आठवड्याला १२० रुपये, समोसा १० रुपये, केळं ५. तो ६ समोसे आणि १२ केळी घेतो. समोसा १५ झाला. आता तो ४ घेईल. पण जुनी खरेदी परवडावी म्हणून ३० रुपये वरून दिले, तर १५० मधले निम्मे ७५ समोशावर, म्हणजे ५. सहाचे पाच झाले तो पर्यायता परिणाम, पाचाचे चार झाले तो उत्पन्न परिणाम. दोन माणसं, दोघांनी खाणं कमी केलं, पण कारण वेगळं. आठव्या चॅप्टरमध्ये एवढंच आहे. तू तो दोनदा वाचलास आणि दोन्ही वेळा तुला कळला, यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

तिसरा माणूसही भेटून घे, कारण टेस्टमध्ये तो येणारच. त्याला दूध हवंय, पिशवी कुठली याचं सोयरसुतक नाही. अर्ध्या लिटरची पिशवी २८ ला आणि लिटरची ५४ ला असेल तर तो डोळे मिटून लिटरचीच घेतो. ५७ ला झाली तर एकही लिटरची घेत नाही. ५६ असेल तर काहीही घेईल. इथेही उतारांचं समीकरण मांडून बसलास तर ते एक तर कधीच जुळणार नाही, नाही तर सगळीकडे जुळेल.

वाचताना कळतं आणि पेपरात येत नाही, हे दुःख माझ्या ओळखीचं आहे. मी पदवीला असताना आम्हाला समवृत्ती वक्रांचे गुणधर्म पाठ असत. तिसरा गुणधर्म: दोन समवृत्ती वक्र एकमेकांना छेदत नाहीत. सिद्धतेसकट पाठ. एका तासाला सरांनी मला उभं केलं आणि विचारलं, 'छेदले तर काय बिघडलं?' मी म्हटलं, 'सर, तिसरा गुणधर्म मोडेल.' वर्ग हसला. सर हसले नाहीत. ते म्हणाले, 'मोडू दे. पण माणसाचं काय होईल?' मला काही सुचेना. त्या रात्री पहिल्यांदा मी ते चित्र स्वतः काढलं. छेदनबिंदूवर एक थाळी. एका वक्रावर दुसरी, दुसऱ्या वक्रावर तिसरी. पहिली आणि दुसरी सारखीच आवडते, पहिली आणि तिसरीही सारखीच आवडते, तर दुसरी आणि तिसरीही सारखीच आवडायला हवी. पण दुसऱ्या थाळीत तिसरीपेक्षा सगळंच जास्त आहे! म्हणजे या माणसाला दोन भाकरी आणि दोन वाट्या वरण हे एक भाकरी आणि एका वाटीइतकंच वाटतं, आणि त्याच दमात जास्त ते बरं असंही तो म्हणतो. गुणधर्म वगैरे काही नव्हतं ते. एका माणसाचं बोलणं स्वतःलाच खोटं पाडत होतं. तेव्हापासून मी गुणधर्म पाठ करायचे सोडले. मार्क लगेच वाढले असं मात्र नाही, त्या वर्षी मी काठावरच सुटले.

बारावीपर्यंत आपल्याला निष्कर्ष शिकवतात. किंमत वाढली की मागणी घटते, अपवाद चार, उदाहरणं द्या. इंटरमीडिएटला निष्कर्ष तुझ्या हातात देतच नाहीत. माणूस देतात, त्याची आवड देतात, खिसा देतात, आणि म्हणतात, आता तू सांग. म्हणून रेघा मारून काही होत नाही. वॅरियनचं पुस्तक तर फार गोड लिहिलेलं आहे, कॅल्क्युलस बरंचसं चॅप्टरच्या शेवटी परिशिष्टात ढकललेलं, त्यामुळे वाचताना कुठे अडखळायलाच होत नाही. हा त्या पुस्तकाचा गुण, आणि तुझ्यासारख्याला तोच दगा देतो. त्याच्या जोडीचं गणितांचं पुस्तक आहे, बर्गस्ट्रॉम आणि वॅरियन यांचं, तुमच्या लायब्ररीत असणार. तिसऱ्या चॅप्टरपासून सुरू कर. एका गणिताशी ४० मिनिटं झट, उत्तराचं पान न उघडता. ३५ मिनिटं नुसता कागद पाहण्यात गेली तरी चालेल, ती फुकट जात नाहीत. आणि प्रत्येक गणित सुटल्यावर त्यातली एक गोष्ट बदल. साखर दोनऐवजी तीन चमचे केली तर? टपरीवर साखर फुकट असेल तर? माणसाला बिनसाखरेचाही चालत असेल, फक्त कमी आवडत असेल तर? दिवसाला दोन गणितं या पद्धतीने झाली तरी पुष्कळ.

तुमच्याकडे ट्युटोरियल असतात, लहान गटाचे. तिथे 'सर, आठवा चॅप्टर समजला नाही' असं म्हणू नकोस. त्याला कोणीच उत्तर देऊ शकत नाही. अर्धवट सोडवलेला कागद पुढे कर आणि बोट ठेवून विचार, 'इथपर्यंत आलो, पुढे का जात नाही?'

इंग्रजीचं काय, तर थोडं खरं आहे आणि बरंचसं नाही. तुमच्या प्रश्नपत्रिकेवरच छापलेलं असतं की उत्तरं इंग्रजीत किंवा हिंदीत लिहा, पण पूर्ण पेपर एकाच भाषेत. मराठीची सोय नाही. पण विचार कुठल्या भाषेत करायचा हे छापलेलं नाही. कच्च्या वहीत बिनधास्त मराठीत लिही. कन्झ्युमर सरप्लस ही दोन गुळगुळीत शब्दांची जोडी आहे. आपल्या जुन्या क्रमिक पुस्तकांतलं 'संतोषाधिक्य' बघ: जेवढं द्यायची तयारी होती त्यापेक्षा कमी द्यावं लागलं, म्हणून वर उरलेला संतोष. व्याख्या शब्दातच आहे. ज्या स्लुट्स्कीने तुला रडवलं तो कीव्हमध्ये शिकवायचा आणि त्याने हा लेख १९१५ साली एका इटालियन नियतकालिकात छापला. महायुद्धाचा काळ, इटालियन मजकूर, त्यात गणित. इंग्रजी जगात कोणाच्या लक्षातच आला नाही. १९३४ मध्ये हिक्स आणि ॲलन हे इंग्रज अर्थशास्त्रज्ञ स्वतंत्रपणे तिथेच पोचले आणि मग कळलं की कोणीतरी आधी येऊन गेलंय. भाषेमुळे त्याची दखल घ्यायला वीस वर्षं लागली हे खरं, पण समीकरण चुकलं नव्हतं. तुझ्या वर्गातली फाडफाड बोलणारी मुलं, त्यांतल्या किती जणांनी चहाचं गणित बरोबर सोडवलं ते विचारलंस का? विचार. मला उत्सुकता आहे.

आता सोडण्याबद्दल. तुझ्या पत्रात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेत. हा विषय माझा आहे का, हा एक. आणि नऊ मार्कांची लाज कुठे लपवू, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर म्हणून लातूरला येऊ नकोस. स्पर्धा परीक्षा पळून जात नाहीत, त्यातल्या मोठ्या परीक्षांना पदवी लागतेच, आणि त्यांचा अभ्यास म्हणजे मायक्रोतून सुटका असं तुला वाटत असेल तर त्या वाटेवर बसलेल्या कोणाला तरी भेट. तुमच्याच विद्यापीठापासून स्पर्धा परीक्षांच्या क्लासेसचं राजेंद्रनगर मेट्रोने फार लांब नाही, आणि तिथे मराठी मुलं शोधावी लागत नाहीत.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी इथून देऊ शकत नाही, पण ते कसं मिळेल ते सांगते. सेमिस्टर संपेपर्यंत वर सांगितलं तसं हाताने काम कर. मग बघ, 'हे बदललं तर?' असं विचारताना तुला कंटाळा येतो की चाळा लागतो. कंटाळाच आला, तर दुसरा विषय घे. मी स्वतः तुझ्या वडिलांना पत्र लिहीन. पण ज्याने विषय केलाच नाही, नुसता वाचला, त्याने तो आपला नाही असं ठरवू नये.

आणि एक गोष्ट तुला कोणी सांगितलेली दिसत नाही, कारण तू आठव्या चॅप्टरवर थांबलास. नववा उघड. त्यात खिशात रोख पैसे घेऊन बाजारात जाणारा माणूस नाही. घरात माल असलेला माणूस आहे, जो त्यातला काही खातो आणि काही विकतो. तुझ्या घरात असतं तसंच. समज, १० क्विंटल ज्वारी झाली, ४ घरात ठेवली, ६ विकली. भाव २,५०० वरून ३,००० झाला. विकत घेणाऱ्याला महागाई गरीब करते. तुमच्या घरी मात्र ६ क्विंटलवर ३,००० रुपये जास्त आले. घरात ठेवलेला प्रत्येक क्विंटलही आता महाग, कारण तो विकला असता तर ५०० जास्त मिळाले असते. एक ओढ म्हणते कमी ठेव. दुसरी म्हणते, चार पैसे आलेत, पोटभर ठेव. कोण जिंकतं हे नुसत्या चिन्हांवरून सांगता येत नाही, आकडे लागतात. कदाचित तिसरंच होत असेल: पैसे आले की घरात गव्हाच्या पोळ्या वाढतात आणि ज्वारी दोन्ही ओढींनी बाजारात जाते.

तुमच्याच आळीत बिनजमिनीचा मजूर असेल. त्याच्यासाठी हाच भाव उलटा. तो आणखी गरीब झाला, भाजी आणि तेलात हात आखडला, आणि पोट भरायला भाकरीच वाढली, असं झालं तर तो गिफेनचा माणूस. अर्थशास्त्रज्ञ मार्शलने हे गिफेनच्या नावावर आपल्या ग्रंथाच्या १८९५ च्या आवृत्तीत टाकलं आणि पुढे शतकभर अर्थशास्त्रज्ञ असा माणूस खरंच सापडतो का यावर वाद घालत राहिले. २००८ मध्ये जेन्सन आणि मिलर यांनी चीनमधल्या हुनान प्रांतातल्या गरीब कुटुंबांत तो दाखवला: तांदूळ स्वस्त करून दिला, तर लोकांनी तांदूळ कमी खाल्ला. तुझ्या वर्गातल्या किती जणांनी असं घर आतून पाहिलंय?

म्हणून या रविवारी घरी फोन कर. 'बाबा, टेस्टला ३० पैकी ९ पडले' हे पहिल्या मिनिटात सांगून टाक, म्हणजे पुढचं बोलताना आवाज अडकणार नाही. ते काय म्हणतील ते ऐकून घे. मग विचार, ज्या वर्षी ज्वारीला भाव चढला होता त्या वर्षी घरात किती पोती ठेवली होती, आणि त्याच्या आदल्या वर्षी किती. आई जवळ असेल तर तिला विचार, पोत्यांचा हिशेब तिच्याकडे पक्का असतो. ते आकडे कच्च्या वहीत मांड, नवव्या चॅप्टरमधलं गणित त्यांच्यावर करून बघ, आणि कुठे अडलास ते मला कळव. या वेळी उत्तराला चौकट नको, कागद अर्धवट असला तरी पाठव.

तुझी,
मॅडम